कोरडं वारं, भरलं आभाळ

ज्येष्ठाच्या अखेरीस तुकोबांची पालखी लोणी काळभोरचा मुक्काम आटोपून यवतला येते. यवतला पिठलं-भाकरीचं जेवण ठरलेलं. घराघरांतून भाकऱ्यांच्या चळती येतात, काळभैरवनाथाच्या देवळाशी पिठल्याच्या काहिली चढतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सोहळा वरवंडकडे निघतो. या दोन मुक्कामांमधल्या वाटेवर वारकऱ्यांच्या खांद्यांवरच्या पताका पाहाव्यात. वारं सुटलेलं असेल तर त्या पुढं, पंढरीच्या बाजूला फडफडत असतात. वारा पाठीशी असतो. देहू-पुण्याच्या टप्प्यात भिजलेली धोतरं आणि लुगडी इथं अंगावरच सुकतात. सरीसाठी आणलेला प्लॅस्टिकचा कागद घडी करून पिशवीत जातो. डोक्यावर काळसर ढग उगवतीकडे पळत असतात आणि रस्त्याच्या कडेला फुफाटा उडत असतो.

यवतच्या उत्तरेला, दौंडकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर यवतनंतरचं स्टेशन म्हणजे खुटबाव. पुढं केडगाव, कडेठाण, पाटस, दौंड. उत्तरेला मुळा-मुठा आणि भीमेचा काठ, भीमेपलीकडे शिरूर तालुका. पुणे इथून गाडीनं तासाभराच्या अंतरावर, घाटमाथा शंभर-सव्वाशे किलोमीटरवर. नकाशावर हे अंतर किरकोळ दिसतं. पण लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, पुण्यात सातशेच्या आसपास आणि दौंडच्या पट्ट्यात पाचशेच्या आतबाहेर. त्यातलाही मोठा वाटा भाद्रपद-आश्विनात येतो. आषाढ-श्रावणात, सगळा महाराष्ट्र पावसाच्या गोष्टी करत असताना, खुटबावच्या वाट्याला येतं ते वारं.

या वाऱ्याबद्दल आपण फार कमी लिहितो. पावसावर आपल्याकडे अमाप लिहिलं गेलं, दुष्काळावरही गेलं. पण या दोहोंच्या मधे महिना-दीड महिना अखंड वाहणारं जे कोरडं वारं आहे, ते पाऊस न आल्याची खूण म्हणूनच मोजलं जातं. माझं म्हणणं असं, की दौंड-शिरूरचा आषाढ हा फसलेला पावसाळा नाही. तो या मुलखाचा स्वतःचा, दरवर्षी येणारा ऋतू आहे. त्याला त्याचं कारण आहे, त्याचा प्रवास आहे, आणि दूरच्या समुद्रात त्याचे सख्खे भाऊबंद आहेत.

हा वारा येतो कुठून, ते आधी पाहू. हिंदी महासागराच्या दक्षिण भागात, मादागास्करच्या खाली-पूर्वेला, आपल्या उन्हाळ्या-पावसाळ्यात हवेच्या जास्त दाबाचं एक प्रचंड क्षेत्र तयार होतं. मॉरिशस, रियुनियन आणि रॉड्रिग्ज या मास्कारेन बेटांवरून हवामानखातं त्याला मास्कारेनचा उच्च दाब म्हणतं. तिथून हवा आग्नेयेकडून वायव्येकडे वाहत विषुववृत्ताकडे येते. शिडाच्या जहाजांच्या काळापासून दर्यावर्दी ज्यांच्या भरवशावर निघत, ते हेच व्यापारी वारे. एडमंड हॅली या इंग्रज खगोलशास्त्रज्ञानं १६८६ साली व्यापारी वाऱ्यांचा आणि मोसमी वाऱ्यांचा नकाशा काढला तेव्हा हे दोन्ही एकाच कागदावर आले. ते योग्यच होतं, कारण इथं ते एकाच वाऱ्याचे दोन टप्पे आहेत. विषुववृत्त ओलांडलं की पृथ्वीच्या फिरण्यामुळं हा प्रवाह उजवीकडे वळतो. पूर्व आफ्रिकेचे उंच डोंगर त्याला आडवे येतात, त्यामुळं तो केनिया-सोमालियाच्या बाजूनं दाटीवाटीनं, वेगानं निघतो. जमिनीपासून एक-दीड किलोमीटर उंचीवर हा वेगवान झोत असतो. जॉन फिंडलेटर या हवामानशास्त्रज्ञानं १९६९ साली त्याचं सविस्तर वर्णन केलं, म्हणून त्याला फिंडलेटरचा झोत असंही नाव आहे. अरबी समुद्रावर तो बाष्प गोळा करतो आणि नैऋत्येकडून, पश्चिमेकडून सह्याद्रीवर येऊन आदळतो. मास्कारेन बेटांजवळून निघालेली हवा आठवडा-दहा दिवसांत आपल्या घाटमाथ्याला लागू शकते.

म्हणजे खुटबावच्या बांधावर उभं राहून तोंडावर जे वारं घ्यावं, ते मुळात बेटांवरचं वारं आहे.

आणि त्या बेटांवर मराठी माणसं आहेत. मॉरिशसमध्ये हिंदुस्थानातून करारबद्ध मजूर नेण्याची मोठी सुरुवात १८३४ साली झाली, उसाच्या मळ्यांसाठी. कलकत्ता आणि मद्रासप्रमाणे मुंबई बंदरातूनही जहाजं गेली, आणि त्यांतून कोकणातली, घाटावरची मराठी कुटुंबं गेली. ज्या पोर्ट लुईच्या धक्क्यावर हे मजूर उतरत, तो आप्रवासी घाट २००६ पासून जागतिक वारसा आहे. आज तिथल्या मराठी समाजाच्या संस्था आहेत, शाळांतून मराठी शिकवलं जातं, गणेश चतुर्थीला देशभर सुट्टी असते. वारा ज्या दिशेनं येतो त्याच्या उलट ही माणसं गेली, वाऱ्याच्या उगमाकडे.

तिथं त्यांना काय दिसलं असेल? मॉरिशस हे जेमतेम पासष्ट किलोमीटर लांबीचं बेट. व्यापारी वारे आग्नेयेकडून येतात, पूर्व किनाऱ्यावर लाटा आपटतात, मधल्या पठारावर चढताना ढग होतात. त्या पठाराच्या ओल्या भागात वर्षाला चार हजार मिलिमीटरपर्यंत पाऊस. पठार उतरून पश्चिमेला गेलं की ढग विरतात आणि किनाऱ्यावर पाऊस नऊशेच्या आसपास येतो. मे ते ऑक्टोबर हा तिथला थंड, कोरडा, वाऱ्याचा हंगाम. पश्चिम किनाऱ्यावरच्या तामारँ गावात काळ्या बसाल्ट दगडाची मिठागरं होती. समुद्राचं पाणी वाफ्यांत घ्यायचं आणि ऊन-वाऱ्यानं आटवायचं. मिठागर तिथंच चालतं जिथं आभाळ दगा देत नाही, त्यामुळं त्या किनाऱ्याचं हवामान एवढ्या एका धंद्यावरून कळावं. याच पश्चिमेकडच्या ब्लॅक रिव्हर जिल्ह्यात कास्कावेल हे गाव आहे, मॉरिशसमधल्या मराठी वस्तीच्या गावांत त्याचं नाव घेतलं जातं. ऊस तिथंही होता. पण पश्चिमेकडचा ऊस पाटपाण्यावर. पठारावरचं पाणी अडवायचं आणि खाली कोरड्या बाजूला द्यायचं. बेट विषुववृत्ताच्या दक्षिणेला सुमारे वीस अंशांवर, खुटबाव उत्तरेला सुमारे साडेअठरा अंशांवर. दोन्हीकडे काळा दगड, एक वारा, डोंगराची कोरडी बाजू, आणि ओल्या बाजूच्या पाण्यावर उभा राहिलेला ऊस.

पॅसिफिकमधल्या हवाई बेटांवर हीच गोष्ट आणखी टोकाला जाते. कौआई बेटावरच्या वाइआलेआले शिखरावर वर्षाला अकरा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस मोजला गेला आहे, पृथ्वीवरच्या सर्वांत ओल्या जागांपैकी ती एक. तिथून पंचवीस-तीस किलोमीटरवर केकाहा गाव, पाऊस पाचशेच्या आसपास. म्हणजे जवळपास आपल्या दौंडइतका. केकाहालाही ऊस होता, डोंगरातून खोदून आणलेल्या पाटांवर.

सह्याद्रीत हे कसं घडतं, याचं पाठ्यपुस्तकातलं उत्तर सोपं आहे. हवा डोंगर चढते, थंड होते, बाष्पाचं पाणी होतं, पाऊस पडतो. पलीकडे हवा उतरते, तापते, ढग विरतात. हवा कोरडी असेल तर उतरताना किलोमीटरला सुमारे दहा अंशांनी तापते. पण खुटबावच्या बाबतीत एवढ्यानं भागत नाही. कौआईचा डोंगर समुद्रातून उठतो आणि पुन्हा समुद्रात उतरतो. आपला सह्याद्री कोकणातून भिंतीसारखा उठतो आणि पलीकडे पठारच आहे. लोणावळा सहाशे मीटरच्या थोडं वर, खुटबाव साडेपाचशेच्या आसपास. उतार असा नाहीच. घाटावरून उसळलेली हवा पठारावर येताना खाली बसते, वरून दबते, आणि मुख्य म्हणजे तिच्यातला मोठा ऐवज मावळात-मुळशीत रिता झालेला असतो. उरतात ते उथळ, पसरट, पळणारे ढग. त्यांच्यात पाण्याचे कण असतात, पण बारीक. एकमेकांवर आदळून थेंब मोठा व्हायला जितका वेळ लागतो तितका ढग टिकत नाही. जे थोडं भुरभुरतं ते जमिनीला लागेपर्यंत वाऱ्यातच वाळतं.

हे ढग पुण्यातच अभ्यासले जातात, ही चांगली गोष्ट. हवामान खात्याचं मुख्य ठाणं १९२८ साली सिमल्याहून पुण्याला आलं. पाषाणला असलेली भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था १९६२ सालची. या संस्थेनं २००९ पासून विमानातून ढगांची मोजमापं घेतली, महाबळेश्वरला २०१२ साली उंचावरची ढगशाळा काढली, आणि सोलापूरच्या आसपास पर्जन्यछायेतल्या ढगांवर बीजारोपणाचे प्रयोग केले. त्यातून योग्य ढग निवडले तर पाऊस काही प्रमाणात वाढवता येतो, असा निष्कर्ष निघाला. योग्य ढग निवडले तर, हे महत्त्वाचं. आषाढातल्या पळत्या ढगातून पाऊस काढायचं तंत्र सापडल्याचा दावा कुणी करत असेल तर गावानं त्याला वर्गणी देऊ नये.

गावाला ही गोष्ट शास्त्राशिवायही ठाऊक आहे. खुटबावच्या बाजूला एका गुऱ्हाळावर पारावर बसलेल्या म्हाताऱ्यांना विचारलं, “काय आबा, आभाळ तर चांगलं भरलंय. येईल का आज?”

“अवो, ते पळतंय बघा. पळतं आभाळ पडत नाय,” आबा म्हणाले. “ते वारं पडू द्या. वारं पडलं, अंगाला घाम सुटला, मग दुपारचं उगवतीकनं येईल ते आपलं.”

यापेक्षा नेमकं वर्णन मी वाचलेलं नाही. पश्चिमेचा झोत जोरात असेतो ढग उथळ राहतात. तो मंदावला, जमीन तापली, हवेत दमटपणा साठला, की उंच ढग उभे राहतात आणि गडगडाटासह पाऊस येतो. हे बहुतेक भाद्रपदात घडतं, म्हणूनच या पट्ट्यात सप्टेंबर हा पावसाचा खरा महिना. उत्तरा आणि हस्त ही नक्षत्रं इथल्या विहिरींची नक्षत्रं आहेत.

त्याच गुऱ्हाळावर हे वारं किती उपयोगाचं, तेही दिसतं. दौंड तालुका गुळाचा. केडगाव-यवतच्या पट्ट्यात गुऱ्हाळं जवळजवळ बारमाही चालतात, अनेक ठिकाणी उत्तर प्रदेशातून आलेले कारागीर गूळ करतात. उसाचा रस निघाला की उरलेलं ओलं चिपाड आवारात पसरतात. तेच वाळवून चुलवाणात जातं. कोकणात किंवा मावळात आषाढात असं काही वाळवायचं म्हटलं तर बुरशी धरेल. इथं सकाळी पसरलेलं चिपाड दुपारपर्यंत वरून पांढरं पडतं, बायका दाताळ्यानं ते उलटतात, खालची ओली बाजू वर येते, आणि संध्याकाळपर्यंत ते हातात घेतलं की कडकन मोडतं. काहिलीवरची वाफ सरळ वर जात नाही, छपराखालूनच उगवतीला आडवी होते. मळी काढणारा माणूस वाऱ्याकडे पाठ करून उभा राहतो. वाऱ्याबरोबर एखादं शिरवं आलंच तर आवारात एकच पळापळ होते, ताडपत्र्या ओढल्या जातात, पण दहा मिनिटांत पुन्हा उघडीप आणि पुन्हा वारं.

शेतात मात्र हे वारं वैऱ्यासारखं वागतं. मृगाच्या वळवासारख्या दोन सरींवर बाजरी पेरली जाते. उगवून वीत-दीड वीत येते आणि वारं सुटतं. जमिनीचा वरचा थर आधी सुकतो, मग पपडी धरतो. दुपारी बाजरीची पानं सुरळीसारखी गुंडाळतात, वाऱ्याला कमी अंग लागावं म्हणून. आभाळ ढगाळ असल्यामुळं ऊन कडक नसतं, तरी ओल जाते, कारण ओल नेणारं ऊन एकटं नसतं. पानाभोवती जी दमट हवा साचते ती वारा सतत पुसून नेतो आणि तिथं कोरडी हवा आणून ठेवतो. चांगला वाफसा म्हणून सकाळी कोळपणी सुरू करावी आणि तिसऱ्या दिवशी त्याच रानात ढेकळं हाताला लागावीत, असा हा काळ. उसाला पाणी मिळालं तर तो तग धरतो, पण उंच वाढलेला ऊस या वाऱ्यात लोळतो, आणि लोळलेल्या उसाला तोडीला माणूस नाखूश असतो. केळीच्या बागेला पश्चिमेकडून शेवरी दाट लावायची पद्धत आहे ती याचसाठी. मॉरिशसच्या किनाऱ्यावर सुरूच्या रांगा उभ्या आहेत, त्यांचंही एक काम हेच.

शिरूरकडून नगरच्या रस्त्याला लागलं की पारनेर तालुक्यात सुप्याजवळ कवड्या डोंगरावर पवनचक्क्या दिसतात. त्या बांधणाऱ्यांनी हा ऋतू ओळखला होता. महाराष्ट्रातल्या पवनचक्क्यांची वर्षातली मोठी वीज जून ते सप्टेंबर याच काळात निघते. शेतकऱ्याचं नुकसान ज्या दिवसांत होतं, नेमके तेच पवनचक्कीच्या सुगीचे दिवस. ज्या रानात आषाढात पंप चालवावे लागतात त्याच रानावरून ही वीज वाहत जाते, आणि शेतीपंपाला दिवसा वीज मिळावी म्हणून मात्र आंदोलनं होतात. हा मेळ अजून कुणी घातलेला नाही, आणि तो घालता येण्याजोगा आहे असं मला मनापासून वाटतं.

कारण या मुलखाचं पाणी पडतं तेही याच वाऱ्यानं, फक्त दुसरीकडे. खुटबावला धूळ उडत असते त्याच दिवशी टेमघर, वरसगाव, पानशेतच्या पाणलोटात हेच वारं कोसळत असतं. खडकवासल्यासह या चार धरणांची मिळून साठवण २९ टीएमसीच्या थोडी वर. खडकवासला भरलं की मुठेत विसर्ग सुरू होतो. ते पाणी पुण्यातून, राहू-पिंपळगावच्या बाजूनं वाहत जाऊन भीमेला मिळतं आणि पुढं उजनीत. नदी दुथडी भरून चालली आहे आणि नदीपासून दोन-तीन कोसांवर बाजरी माना टाकते आहे, हे दृश्य दौंडकरांना नवं नाही. बाहेरच्या माणसाला ते पटत नाही. त्याला पूर म्हटलं की पाऊस दिसतो.

दुसरं पाणी कालव्यानं येतं. एकोणिसाव्या शतकात खडकवासल्याचं धरण झालं आणि मुठेचा कालवा पूर्वेकडे, या कोरड्या मुलखाकडे वळवला गेला, तेव्हा इंग्रजांच्या डोळ्यांपुढं दुष्काळ होता. १८७६-७८ चा दुष्काळ या भागानं भोगला. त्याच्या आधी वर्षभर, मे १८७५ मध्ये, जवळच्या, बारामतीकडच्या सुप्याला सावकारांच्या वह्या जाळल्या गेल्या. तेव्हा हा सगळा मुलूख भीमथडी तालुका होता. नवा उजवा कालवा पुढं इंदापूरपर्यंत गेला. जुना, ज्याला आता बेबी कालवा म्हणतात, त्यात मुंढव्याहून पुणे शहराचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी उचलून सोडतात. शहर वाढलं तसं धरणातलं पाणी शहराकडे गेलं, आणि शेताच्या वाट्याला शहरानं वापरून टाकलेलं पाणी आलं. त्या पाण्याच्या वासाबद्दल, विहिरींत उतरलेल्या क्षारांबद्दल कालव्याकाठची माणसं चिडून बोलतात आणि त्यांचं चिडणं रास्त आहे.

आवर्तन कधी सोडायचं हे कालवा सल्लागार समिती ठरवते. पावसाळ्यात साहजिकच विचार असा होतो, की आता पाऊस सुरू आहे, शेताला पाण्याची घाई नाही, धरणं भरू द्या. मावळातल्या माणसाला हे बरोबर वाटेल. खुटबावला ते उलटं पडतं. इथं जुलै हा पावसाचा नव्हे, वाऱ्याचा महिना आहे, आणि घाटावर पाऊस जितका जोरदार तितकं इथलं वारं कोरडं आणि जोराचं असू शकतं. म्हणजे धरण भरतंय हीच खालच्या रानाला पाणी हवं असल्याची खूण मानायला हवी. नदीत सोडायचंच आहे ते पाणी आधी कालव्यात, कालव्यातून तळ्यांत, ओढ्यांवरच्या बंधाऱ्यांत घ्यावं, ही मागणी गावोगाव होते. काही वर्षी ती मानलीही जाते. ती दरवर्षीची रीत व्हायला हवी.

२०२३ नं हे फार कठोरपणे शिकवलं. त्या वर्षी देशभरात ऑगस्ट महिना १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ठरला. वारं होतं, ढगही होते, पाऊस नव्हता. ऑक्टोबरअखेर राज्यानं चाळीस तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. त्यांत पुणे जिल्ह्यातले पाच होते: बारामती, पुरंदर, इंदापूर, शिरूर आणि दौंड. नकाशात हे पाचही तालुके सह्याद्रीच्या पूर्वेला, वाऱ्याच्या पाठच्या बाजूला उभे आहेत. त्या वर्षी नेहमीचा वाऱ्याचा हंगाम आवरला नाही आणि भाद्रपदातला पाऊसही तुटपुंजा आला. दुष्काळ म्हणतात तो इथं असा होतो. आषाढ कोरडा गेला तर गाव सोसतं. पुढचा महिनाही कोरडा गेला की विहिरी, रब्बीची ज्वारी आणि जनावरांचा कडबा एकदम हातचे जातात.

महसूल मंडळांत आता स्वयंचलित हवामान केंद्रं आहेत. पावसाबरोबर तापमान, दमटपणा आणि वाऱ्याचा वेगही ती टिपतात. पीकविम्याच्या आणि मदतीच्या चर्चेत मात्र गावात एकच आकडा फिरतो, पाऊस किती मिलिमीटर झाला आणि खंड किती दिवसांचा पडला. वीस दिवसांचा खंड निवाऱ्याच्या गावात एक असतो आणि अखंड वाऱ्याच्या गावात दुसरा. दमटपणा आणि वाऱ्याच्या नोंदी असताना त्या बाजूला ठेवून फक्त पाऊस मोजणं म्हणजे शेताच्या जमाखर्चातली जमेची बाजू तेवढी लिहिणं. वाऱ्यानं रोज किती ओल नेली हेही त्या केंद्रांवरून काढता येतं, आणि कृषी विभागाच्या माणसांना त्याचं गणित येतं. ते गणित आषाढात दर आठवड्याला चावडीवर लावलं, तर कुणी कोळपणी कधी करावी, कुणी आच्छादन घालावं, कालव्याचं पाणी कोणत्या आठवड्यात मागावं, हे ठरवायला लोकांना आबांच्या अंदाजाबरोबर आणखी एक आधार मिळेल.